नानांचं बेट

नानांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे, खडू असे. त्यामुळे खिसा कायम पांढरा आणि सुमनवहिनी कायम वैतागलेल्या. पण नानांचाही इलाज नव्हता. कोणी एखाद्या गावाचं नाव घेतलं की ते कुठे आहे हे काढून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. अमळनेरच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी शिक्षकखोलीत त्यांनी विचारलं, "मॅडम, गाव कोणतं?" मी म्हटलं, "संगमनेरजवळचं." झालं. त्यांनी टेबलावरचे चहाचे कप बाजूला सारले, खडूने प्रवरा काढली आणि विचारलं, "नदीच्या या अंगाला की त्या?" मी आपलं ठोकून दिलं, "या." नानांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नकाशा बघा, मग बोला." माझ्या जन्मगावाबद्दल मला असं ऐकवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

हे वाक्य शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी खाल्लेलं होतं. नाना भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवत, आणि चुकीची माहिती कानावर पडली की त्यांच्या अंगाला जणू खाज सुटे. एकदा एका निवृत्त शिक्षकांच्या शोकसभेत वक्त्याने त्यांचं गाव पारोळा तालुक्यात असल्याचं सांगितलं. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि मागच्या रांगेतून नानांचा आवाज आला, "एरंडोल." बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नाना, निदान आज तरी!" तर म्हणाले, "अहो, मेलेला माणूस स्वतः येऊन सांगणार आहे का?"

त्यांना एकच मूल, अश्विनी. घरात आशू. हुशार, बडबडी, बापासारखीच हट्टी. तिला डॉक्टर व्हायचं होतं, इथल्या प्रवेशासाठी गुण कमी पडले आणि नाशिकच्या एका एजंटाने कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचं कॉलेज सुचवलं. देशाचं नाव डॉमिनिका. वहिनींनी साफ नाही म्हटलं. आपली नाशिक-पुण्यापलीकडे न गेलेली पोर त्या टोकाला पाठवायची त्यांची तयारी नव्हती. नानांनी मात्र स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने बेट काढलं, मधोमध डोंगर काढले, किनाऱ्याने रस्ता काढला, उत्तरेकडे कॉलेजचं गाव दाखवलं. "हे बघ, इथे राहील ती. इथे शिकेल. इथून विमानात बसेल आणि येईल." वहिनी मला नंतर म्हणाल्या, "फरशीवर बेट एवढंसं दिसत होतं हो. मला वाटलं, एवढ्याशा जागेत काय हरवेल?"

आशू गेली आणि ते बेट आमच्या शिक्षकखोलीत येऊन बसलं. आधी नाना सगळ्या जगाचे होते, आता एका देशाचे झाले. कोणी "तुमची मुलगी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ना?" असं विचारलं की त्यांचा पारा चढे. "तो वेगळा देश, हा वेगळा देश. नकाशा बघा, मग बोला." मग सुरू होत. लांबी म्हणजे अमळनेरहून धुळं गाठून जरा पुढे, एवढीच. माणसं आपल्या अमळनेर शहराहून कमी. पण राष्ट्रपती आहे, पंतप्रधान आहे, संसद आहे, आणि त्या संसदेत लोकांनी निवडून दिलेले सभासद आपल्या नगरपालिकेतल्या नगरसेवकांपेक्षा थोडे. सैन्य अजिबात नाही. "लढायचं कोणाशी? समुद्राशी?" असं म्हणून स्वतःच हसत.

केळीचा विषय निघाला की ते जास्तच खुलत. नानांचं मूळ गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठी, आणि भावाची केळीची बाग. ते बेटही एके काळी केळीवरच जगलेलं. "आपला माल दिल्लीला जातो, त्यांचा बोटीने इंग्लंडला जायचा. इंग्लंडने त्यांच्या मालाला सवलत दिली होती. पुढे व्यापाराचे नियम बदलले, सवलत गेली, मोठ्या देशांची स्वस्त केळी आली आणि यांच्या बागा ओस पडल्या. डोंगरउतारावर घड पाठीवर वाहून आणणारा माणूस सपाटीवरच्या यंत्राशी कसा टक्कर देणार?" मग त्या सरकारने काय केलं, तर पर्यटक बोलावले आणि श्रीमंत परदेशी लोकांना पैसे घेऊन नागरिकत्व द्यायला लागलं. आमचे गणिताचे सर रोज विचारत, "काय नाना, तुमच्या पंतप्रधानांनी आज काय केलं?" नाना न हसता सांगत, "एक पासपोर्ट विकला." सगळी खोली हसायची. मीही हसायचे.

एक गोष्ट मात्र ते हसून सांगत नसत. त्या देशाला सपाट जमीन नाही. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेले ज्वालामुखीचे डोंगरच, विमानतळसुद्धा डोंगराच्या कुशीत कसाबसा बसवलेला. जोराचा पाऊस झाला की नद्या फुगतात आणि उतार खाली येतात. हे नाना वर्गात मुलांना रंगवून सांगत, घरी मात्र त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

आशूचं तिसरं वर्ष चालू असताना श्रावणात तिकडे वादळ झालं. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता, "पप्पा, आम्ही पाणी भरून ठेवलंय, काळजी करू नका." मग फोन बंद. तिचाच नव्हे, अख्ख्या देशाचे फोन बंद. टीव्हीवर वरून काढलेलं एकच चित्र पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि हिरवंगार म्हणून ज्याचं कौतुक ऐकलं होतं ते बेट त्यात तपकिरी दिसत होतं. नाना जळगावला कलेक्टर कचेरीत जाऊन आले. तिथल्या माणसाने बिचाऱ्याने सगळं लिहून घेतलं, पण त्या देशात आपली वकिलातच नाही, ती त्रिनिदाद नावाच्या दुसऱ्या बेटावर. तिथे फोन लागला तर ते म्हणत, आमचाही संपर्क होत नाही. सरकार म्हणजे काय, हे ज्यांनी जन्मभर मुलांना शिकवलं, ते नाना संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून मला विचारत, "मॅडम, आता कोणाला विचारू?"

वहिनींनी अन्न सोडलं. पाण्याचा पेला हातात दिला तर तो तसाच धरून बसत. कोणी बोलायला गेलं की अहिराणीत एकच प्रश्न, "कोठे शे मनी पोर?" आम्ही शेजारणी आळीपाळीने त्यांच्याजवळ बसत होतो.

त्यातच कानबाईचा रविवार जवळ आला. मी नगरकडची, मला हे इथे येऊन कळलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते, सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याचे रोट करायचे तर घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे आणि घरातच दळायचे. बऱ्याच घरी पुरुषांच्याच मुठी घेतात, पण नानांच्या घरी लेकीचीही मूठ असे, ती कितीही लांब असली तरी. गहू मोजायच्या दिवशी वहिनी सूप पुढे घेऊन नुसत्या बसून होत्या. मूठ घालावी तर लेक असेल का, आणि न घालावी तर आपणच तिला नाही म्हटल्यासारखं. मोठ्या जाऊबाई गावाहून आल्या होत्या, त्याही भिंतीकडे बघत होत्या.

तेवढ्यात एजंटाने पालकांच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ आला. मोठ्या मैदानावर तंबू, रांगेत उभी भारतीय मुलं, कोणी हात हलवतंय, आणि खाली लिहिलेलं, सगळे विद्यार्थी सुखरूप. नानांचा पुतण्या ओरडतच आत आला. चित्र हलत होतं, तोंडं नीट दिसत नव्हती, तरी वहिनींनी एका पाठमोऱ्या मुलीवर बोट ठेवलं. "हाई देखा, आशूच शे." नानांनी फोन हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि परत दिला. "हो," म्हणाले. वहिनींनी पदराने डोळे पुसले, गव्हात हात घातला आणि म्हणाल्या, "हाई मनी आशूनी मूठ." त्या दिवशी त्या कितीतरी दिवसांनी भाकरी जेवल्या. जेवताना नानांनाच रागावल्या, "आते तरी जेवा. बठ्ठा पोरे सुखरूप शेतस."

नाना हात धुवायच्या निमित्ताने बाहेर आले, मी तिथेच होते. हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मागे ऊस होता. नजर पोहोचेल तिथवर सपाट. असं मैदान त्या देशात नाही. हे दुसरंच बेट आहे, आणि तिथून अजून एकही विमान उडालेलं नाही." मी म्हटलं, "मग सांगा ना आत." त्यांनी मान हलवली. "ती जेवतेय," एवढंच म्हणाले आणि आत गेले. शोकसभेतसुद्धा तालुका दुरुस्त करणारा हा माणूस, आणि आता सगळ्या घराला चूक पोटाशी धरून बसू देत होता. मला त्यांचा राग आला, कीवही आली, आणि मी तोंड मिटून घेतलं.

रविवारी कानबाई बसली. वहिनींनी नवं लुगडं नेसून रोट केले. सोमवारी पहाटे बायका जमल्या, वाजंत्री आली, पाटावरची कानबाई वहिनींच्या डोक्यावर दिली आणि आम्ही बोरी नदीकडे निघालो. नाना मागे राहिले होते. नदीवर पोहोचलो तेव्हा ते धावत येताना दिसले, हातात फोन. मी पुढे झाले. ते माझ्याजवळ थांबले आणि नदीकडे बघत बोलले.

"त्यांच्या सरकारातल्या बाईंचा फोन होता. स्वतः केला. म्हणाल्या, लहान देश आहे, मंत्रीच करणार होते, पण ते डोंगरापलीकडे अडकलेत. आशू राहत होती ते घर उताराखाली गेलं. मैत्रिणींनी ओळखलं तिला. वीज नाही, मृतदेह ठेवायला जागा नाही, म्हणून सगळ्यांना तिथेच पुरलं." नाना पुढे म्हणाले, "मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं? का विचारलं, कोण जाणे. काहीतरी बोलायचं म्हणून असेल. मी म्हटलं, केळी. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही. मग त्याही रडायला लागल्या."

वाळूवर कानबाई उतरवून आरती झाली होती. वाजंत्री जोरात लागली होती. वहिनी पदर खोचून पुढे आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "या ना मॅडम, मनी पोर वाची गई!" मी नानांकडे पाहिलं. त्यांनी हात जोडले. "एवढं होऊ द्या," असं काहीतरी त्यांचे ओठ म्हणाले. आणि मी फुगडी घातली. जिची लेक गेली होती तिच्या हातात हात देऊन गरगर फिरले. वहिनी हसत होत्या, धापा टाकत होत्या, आणखी, आणखी म्हणत होत्या. त्या फुगडीइतकं भयंकर माझ्या आयुष्यात काही घडलेलं नाही.

घरी आल्यावर नानांनी सांगितलं. व्हिडिओचंही सांगितलं, नदीवरचंही. लपवायचंच असतं तर निम्मं लपवता आलं असतं, पण त्यांनी काही ठेवलं नाही. वहिनी ओरडल्या नाहीत. डोक्यातला गजरा काढून त्यांनी जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्हले माहीत व्हतं. आनि तुम्ही माले नाचू दिधं."

त्यानंतर त्या घरात दोघं राहत होती एवढंच. वहिनी वेळेवर ताट वाढत, नाना जेवत, पण त्या विषयावर एक शब्द नाही. आशूच्या नावावर एकत्र रडणंसुद्धा त्यांच्या नशिबी नव्हतं, त्या आत रडत आणि नाना ओट्यावर. शाळेत नाना येत राहिले. पण आता एखाद्या मुलाने नकाशात धुळ्याच्या जागी जळगाव लिहिलं तरी ते गुण देत. गणिताच्या सरांनी एकदा त्यांना जरा बोलतं करावं म्हणून मुद्दामच सांगितलं, "नाना, तापी आणि गोदावरी एकाच समुद्राला मिळतात." आम्ही सगळे 'नकाशा बघा'ची वाट बघत होतो. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "असेल." सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर वाटलं, ओरडून सांगावं, नाही हो नाना, नाही मिळत!

गेल्या हिवाळ्यात नानांची किडनी गेली. त्यांना धुळ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेले त्या दिवशी डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. आत जाताना मी वहिनींचा दंड धरला आणि म्हटलं, "त्यांना बरं वाटेल असं काहीतरी सांगा." नाना जागेच होते. त्यांनी विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

वहिनी खाटेच्या कडेला बसल्या. त्या घटनेनंतर त्यांना नानांच्या इतक्या जवळ बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी नानांचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"आते जास्त दिन नहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही घर येवाव नही."

नानांनी डोळे मिटले. मला वाटलं, हे काय केलं या बाईने! पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला.

"बरं करं, सांगी दिधं," ते म्हणाले. "माले नही जमनं."

मग वहिनी रडल्या, आणि नानाही रडले. आशू गेल्यापासून ती दोघं पहिल्यांदाच एकत्र रडत होती, म्हणून मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.