रिकाम्या जागेतली खरखर

काल दुपारी शेजाऱ्यांच्या लोखंडी फाटकाला वेल्डिंग चाललं होतं. खिडकीतून निळसर लखलखाट दिसला आणि मागोमाग तो वास स्वयंपाकघरात शिरला. तिखट, करपलेला, नाकाच्या मुळाशी टोचणारा. हातातलं पातेलं मी कसंबसं ओट्यावर ठेवलं आणि तिथंच खाली उकिडवी बसले, पाय जुळवून, मान गुडघ्यांत घालून. मुलगी धावत आली. मी तिला हातानंच दूर राहायला खुणावलं. गोंदियात राहायला येऊन आता तीन वर्षं झाली, पण शरीराला अजून पटलेलं नाही की आपण शेतात नाही.

माझं सासर बिरसीच्या विमानतळाच्या अलीकडचं. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मधून मधून मोहाची झाडं, आणि दिवसभर डोक्यावर घिरट्या घालणारी शिकाऊ वैमानिकांची लहानगी विमानं. सासरे, म्हणजे माझे मामाजी, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन शेती पाहायचे. ओसरीतल्या कोनाड्यात त्यांचा एक जुना शॉर्टवेव्ह रेडिओ होता. त्याच्या पाठीतून निघालेली तांब्याची तार वळचणीवरून समोरच्या पेरूच्या झाडापर्यंत गेलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्यांना गाण्याबातम्यांचा नाद असेल. पण ते गाणी लावत नसत. दोन स्टेशनांच्या मध्ये, जिथं काहीच लागत नाही अशा ठिकाणी काटा ठेवून ते तासन् तास नुसती खरखर ऐकत बसत. नव्या नवरीला अशा माणसाची भीती वाटते, तशी मलाही वाटली.

मग एका पावसाळ्याच्या अखेरीस त्यांनी मला हाक मारली आणि पाट पुढं सरकवला. "बस बाई. आजपासून तू आयक. मले आता आयकू येत नाही."

त्यांचे कान जात होते. घरात कुणालाच ते कळलं नव्हतं. हाकेला ओ देत नाहीत ते आपल्याच नादात असतात म्हणून, एवढंच आम्ही समजत होतो.

पहिले दिवस फार वाईट गेले. बटण फिरवलं की शिट्ट्या निघत, कुठल्या तरी अनोळखी भाषेतला माणूस जवळ येऊन बोलू लागे आणि पाण्यात बुडाल्यासारखा वाक्याच्या मध्येच नाहीसा होई. मी घाबरून काटा भराभर फिरवायची. मामाजी माझं मनगट धरत. "पळवू नको. सरकव. मोठ्या बटणानं गाव गाठायचं, लहान बटणानं घर." त्यांनी मला रेडिओचे पट्टे ओळखायला शिकवले, कोणता दिवसा जागा असतो, कोणता सांज झाल्यावर उघडतो. तारेचं टोक कसं खोवायचं आणि ढग जवळ आले की ते आधी कसं उपटायचं, हे तर दहादा करून घेतलं. आणि शेवटी, सगळ्यांत खालच्या पट्ट्यावरच्या त्या रिकाम्या जागेत काटा आणून ते म्हणाले, "इथं थांब. हे खरं स्टेशन."

ऐकता ऐकता कळू लागलं. कायमची जी खरखर असते, तिच्यात अधूनमधून एक वेगळा तडका उमटतो, कोरडी काडी मोडावी तसा. ती वीज असते. कुठं तरी चिचगडच्या रानावर किंवा त्याहूनही पलीकडे पडलेली, इथून न दिसणारी. आपल्या डोक्यावर आभाळ निळं असतं, विमानं फिरत असतात, आणि या लाकडी पेटीत मात्र कुणी तरी काड्या मोडत जवळ येत असतं. तडके विरळ असले तर काळजी नाही. दाट झाले, मोठे झाले, तर शेतातली माणसं घरी आणायची. एवढंच ते शिक्षण. पण ते शिकल्यावर मला निळ्या आभाळाखाली उभं राहणं जड जाऊ लागलं. ज्याला काही ऐकू येत नाही तो किती सुखी, असं वाटायचं.

"तुम्ही हे कायले सुरू केलं, मामाजी?" मी एकदा त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं. उत्तर सासूबाईंनी दिलं. मामाजींचा धाकटा भाऊ विशीतला होता. धान कापताना पाऊस आला म्हणून मोहाखाली जाऊन उभा राहिला. झाडावर वीज पडली तेव्हा मामाजी पन्नास पावलांवर होते.

त्या ऑक्टोबरात हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापणीला आला होता. माझ्या कानांची पहिलीच कापणी. आठ दिवसांपूर्वी मी तडके ऐकून कापणाऱ्या सात बायांना भर दुपारी घरी बोलावलं होतं आणि पावसाचा थेंबही पडला नव्हता. बाया पोट धरून हसल्या होत्या. "वहिनीचा रेडिओ लबाड हाय वं!" त्यामुळं त्या दिवशी दुपारी खरखरीत पहिला मोठा तडका आला, तेव्हा मी उठले नाही. दुसरा आला. तिसरा. मी पट्टा बदलून पाहिला, तार हलवून पाहिली. बाहेर ऊन लख्ख होतं. पुन्हा हसतील, ही भीती आणि दुसरी ती भीती, यांच्या मध्ये मी किती वेळ बसले कोण जाणे. मग एकामागोमाग इतके तडके आले की मधली जागाच उरली नाही. मी तार उपटली आणि अनवाणी धावत सुटले.

बांधीवर पोहोचेपर्यंत पश्चिमेकडे काळी कड उगवली होती. एक-दोघी हसल्याच. पण त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी बाई विळा कमरेला खोचत ओरडली, "हासून काऊन रायल्या वं? तिचं तोंड तं पाहा! चाला घरी!" सातही जणी निघाल्या.

"मामाजी कुठं?"

"थे तं खालच्या बांधीत गेले. पाणी बंद कराले."

खालची बांधी चार शेतं पलीकडे. मी हाका मारल्या. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नसेन. दूरवर त्यांची पाठ दिसत होती, वाकलेली, शांत. ती वळली नाही. वळणार कशी? मला घराकडे पळता आलं असतं. खरं सांगते, पायांनी दोन पावलं तिकडे टाकलीही होती.

बांधांच्या धुऱ्यांवरून घसरत मी त्यांच्याशी पोहोचले, तेव्हा पहिला गडगडाट झाला. त्यांनी माझ्याकडे, मग आभाळाकडे पाहिलं. पलीकडे मोहाचं झाड होतं आणि मी त्यांचा हात धरून तिकडेच ओढू लागले, वेड्यासारखी. त्यांनी हात हिसकावून घेतला.

"तिकडं नाही! बस इथंच. पाय जोड. डोकं खाली."

मी बसले आणि पुन्हा त्यांना धरायला गेले. त्या माणसानं, ज्यानं मला कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती, मला दोन्ही हातांनी ढकललं. "मले धरू नको! दूर बस! एक तरी वाचली पायजे!"

मी चिखलातून मागे सरकले. दहा-बारा पावलांवर ते तसेच बसले, मान गुडघ्यांत घालून. मला त्यांचा श्वास ऐकू येत नव्हता, त्यांना माझं रडणं. मग सगळं पांढरं झालं. आवाज झाला असेल; मला आठवतो तो जमिनीतून तळपायांना बसलेला झटका आणि तो वास. डोळे उघडले तर मोह शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उभा फाटला होता आणि त्यातून धूर निघत होता. मी मामाजींकडे पाहायला धजेना. किती तरी वेळानं पावसातून त्यांचा आवाज आला. "हायस का, बाई?"

"हाय," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून हात वर केला.

घरी परतताना ते पुढं होते. फाटलेल्या झाडापाशी क्षणभर थांबले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, आपल्या खाटेवर, झोपेत.

मुलीच्या शाळेसाठी आम्ही शहरात आलो तेव्हा रेडिओ मीच मागून घेतला. इथं तो ऐकणं कठीण आहे. चार्जर, इन्व्हर्टर, गल्लीतले दिवे, सगळंच खरखरतं. कोणता तडका आभाळाचा आणि कोणता शेजारच्या मोटारीचा, ते कळायला गच्चीवर जाऊन बसावं लागतं. मोबाइलवर विजेचे इशारे येतात, ते मीही पाहते. तरी कापणीच्या दिवसांत त्या बायांपैकी कुणाचा तरी फोन येतोच. "वहिनी, आभाळ साफ दिसून रायलं. जाऊ का?" मी म्हणते, थांबा, पाहून सांगते. त्या थांबतात. कुणी हसत नाही आता, आणि तेच मला अधिक घाबरवतं. माझ्या 'जा' या एका शब्दावर सात घरं उघड्या रानात उतरतात. मामाजींनी हे ओझं इतकी वर्षं कसं वाहिलं असेल, एकट्यानं, कान जाऊ लागल्यावरही कुणाला न सांगता? विचारायला हवं होतं. तेव्हा मला वाटायचं, ते मला नुसता रेडिओ लावायला शिकवताहेत.