मळ

रत्नमाला मोहाडीच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर. तिची आई वच्छलाबाई हिनं आपला सोन्याचा गोफ नंदलाल सराफाकडे उजळायला दिला होता. परत आला तो लखलखीत, पण तीन ग्रॅम हलका.

"मळ होता बाई, निघून गेला," नंदलाल म्हणाला.

वच्छलाबाईला ते पटलं नाही. तिनं संशय सुनेवर, खुशबूवर घेतला. गोफाच्या कड्या खुशबूनंच तोडल्या, असं ती चारचौघांत बोलली. खुशबू साकोलीला माहेरी गेली, ती आलीच नाही. दोन वर्षांनी वच्छलाबाई तो संशय उराशी धरूनच गेली.

पुढे एकदा प्रयोगशाळेत सरांनी मुलांना दाखवलं. सोनं तेजाबात, म्हणजे दोन तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळतं, आणि त्या पाण्याला कथिलाच्या क्षाराचा थेंब लागला की गडद जांभळा रंग येतो. नळ्या धुता धुता रत्नमाला थांबली. कोणता मळ निघाला होता, ते तिला आता कळलं.

ती कोणाजवळ बोलली नाही. नंदलाल दागिने आतल्या खोलीत उजळायचा. त्याचा विश्वास बसावा म्हणून ती चार वर्षं त्याच्याकडे गिऱ्हाइकं नेत राहिली, त्याच्या हातचा चहा पीत राहिली. प्रत्येक घोटाला तिला आईचा चेहरा दिसायचा.

एका बाजाराच्या दिवशी दुकान बायकांनी भरलं होतं. तिनं बोटातली अंगठी काढली.

"भाऊ, इथंच उजळून द्या. मले घाई आहे."

ओळखीची बाई. गर्दीतून उठवेना, म्हणून त्यानं गल्ल्यावरच वाटीत तेजाब ओतलं. अंगठी बाहेर निघताच रत्नमालानं वाटी ओढून घेतली. पर्समधून गाळणकागद आणि कथिलाच्या क्षाराची लहान बाटली काढून कागद त्यात भिजवला. आधी त्याच्या बाटलीतल्या कोऱ्या तेजाबाचा थेंब घेऊन दाखवला. कागद तसाच राहिला. मग वाटीतला थेंब घेतला. कागदावर जांभळा डाग पसरला.

"हे सोनं आहे. यालेच हा मळ म्हणते," ती बायकांना म्हणाली. "तुमचंही असंच गेलं."

बायका उठल्या. आठवडाभरात पोलीस तक्रारी झाल्या, दुकानाला कुलूप लागलं. नंदलाल हात जोडून तिच्या दारात आला.

"तक्रार मागं घे, बाई."

"पयले साकोलीले चला. खुशबूच्या भावकीसमोर खरं बोला. तक्रार तं मी मागं घेत नाही."

ती पुढे नरमेल या आशेनं तो साकोलीला गेला. मान खाली घालून सगळं बोलला. रत्नमाला त्याच्याकडे बघत होती, आणि तिला मनापासून बरं वाटत होतं.

खुशबूनं शांतपणे ऐकलं. मग तिनं विचारलं, "ताई, तुमाले हे कवा समजलं?"

"चार वर्षं झाली."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तो सावध झाला असता, खुशबू. मले त्याले सगळ्याईसमोर पकडाचं होतं."

"म्हणजे चार वर्षं मी चोर राहिली, तुमाले चाललं," खुशबू म्हणाली, आणि घरात निघून गेली.

रत्नमाला अंगणात उभी राहिली. तिला कोणी बस म्हटलं नाही.