मोजणीबाई आणि अकरावा दगड

रस्ते विभागाच्या दप्तरखान्यात तिच्या हातच्या चौसष्ट वह्या आहेत. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिने आसपासचे सगळे रस्ते सायकलवरून मोजले. सायकलीच्या पुढच्या चाकाजवळ मुठीएवढी पितळी डबी होती. चाकाची एक फेरी झाली की स्पोकवरची पिन डबीला टेके, टक् असा आवाज होई आणि डबीच्या तोंडावरचा आकडा एकाने वाढे. एक फेरी म्हणजे दोन मीटर दहा सेंटीमीटर. पण टायरमध्ये हवा तेवढीच आणि वर बसणाऱ्या माणसाचे वजनही तेवढेच असले, तरच. म्हणून तिने नोकरीभर स्वतःचे वजन किलोभरसुद्धा हलू दिले नाही आणि जेवणानंतर कधीही मोजणी केली नाही. कचेरीत यावर पुष्कळ विनोद झाले. ‘बाईंना जेवायला बोलवायचं तर आधी रस्त्याची परवानगी काढा,’ असे एक कारकून म्हणत असे. तिला सगळे मोजणीबाई म्हणत. निवृत्तीनंतर डबी कपाटात गेली. नाव तेवढे राहिले.

तिचा भाचा आता त्याच विभागात होता. दर शनिवारी दोघे सायकली काढत आणि शेतांमधून, ओढ्याच्या कडेकडेने, घाई न करता गावाबाहेरच्या एका खाणावळीत जेवायला जात. खाणावळीच्या दारातच अंतराचा दगड होता, त्यावर अकराचा आकडा होता, आणि खाणावळीला लोक ‘अकरावा दगड’ असेच म्हणत. आत्या तिथे जेवून मागे फिरे. निवृत्तीनंतर पुढे जायचे तिला कधी कारण पडले नव्हते.

त्या शनिवारी भाचा आला तो पडलेल्या चेहऱ्याने. पायरीवर बसून बुटाची नाडी उगाच सोडून बांधू लागला.

“बोल आता,” आत्या टायरमध्ये हवा भरता भरता म्हणाली. “त्या नाडीला काही विचारू नकोस, तिला काही माहीत नाही.”

“विभागाच्या गाडीत नवीन यंत्र बसवलंय. अकरावा दगड दहा पूर्णांक सहा दशांशावर येतो. चारशे मीटर कमी. सोमवारी मला अहवाल द्यायचाय. साहेब म्हणतात, एक आकडा इतका चुकत असेल तर सगळ्या जुन्या वह्या रद्द धरू. दप्तरखान्यात जागाही होईल.”

आत्याने पंप खाली ठेवला. कपाट उघडले, डबी काढली, फडक्याने पुसली आणि चाकाला बसवली. मग वजनकाट्यावर उभी राहिली.

“किती?” भाच्याने विचारले.

“अर्धा किलो जास्त. माझ्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढ.”

डाकघरासमोरच्या शून्याच्या दगडापाशी तिने डबीवरचे आकडे शून्यावर आणले आणि निघाली. ऊन कोवळे होते, रस्ता मोकळा होता. एरवी ती बोलत बोलत सायकल चालवी. आज ओठ मिटलेले. भाचा प्रत्येक दगडापाशी आकडा लिहून घेत होता. पहिला दगड, दुसरा, पाचवा. कुठेही दोन फेऱ्यांपेक्षा जास्त फरक नाही. दहाव्या दगडापाशी डबीवर चार हजार सातशे बासष्ट होते. जुन्या वहीतही तेवढेच होते.

“पुढच्या खेपेला तुमच्या त्या गाडीला माझ्यामागून यायला सांग,” आत्या म्हणाली. सकाळपासूनचे तिचे हे पहिले हसू होते.

खाणावळीच्या दारात अकराव्या दगडापाशी ती उतरली. डबीवर पाच हजार अठ्ठेचाळीस. असायला हवे होते पाच हजार दोनशे अडतीस. गाडीतले यंत्र खोटे बोलत नव्हते.

खाणावळवाली दारात आली. “मोजणीबाई, आज उभ्या का? बटाटे गरम आहेत, ऑम्लेट टाकू ना?”

“थांब. अजून जेवायचं नाही.”

“आत्या, मला भूक लागलीये,” भाचा म्हणाला.

“तुझं वजन कोण मोजतंय? तू जेव.”

पण तोही तिच्या मागोमाग पुढे निघाला. आणखी एकशे नव्वद फेऱ्यांवर एका शेताचे गंजके फाटक होते आणि त्याला लागून छोटा पूल. तिथे तिने रस्त्यावर खडूने रेघ ओढली आणि पुढे गेली. बाराव्या दगडापाशी डबीवर पाच हजार सातशे चौदा. अगदी नेमके.

“म्हणजे बारावा बरोबर, दहावा बरोबर,” भाचा हिशेब जुळवत म्हणाला, “आणि मधला एकटाच खाणावळीत जाऊन बसलाय.”

“मोजणी बरोबर आहे,” आत्या म्हणाली. ती दोनदा म्हणाली. दुसऱ्या वेळी तिने बाराव्या दगडाच्या डोक्यावर थाप मारली, घरच्या माणसाच्या पाठीवर मारावी तशी.

परत येऊन दोघे बाकावर बसले. खाणावळवालीने पाव, बटाटे, ऑम्लेट मांडले आणि सगळे ऐकून घेतल्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मी सांगते ना. दगडवाल्यांची गाडी इथेच थांबली होती. मी तेव्हा आईच्या हाताखाली भांडी घासायची. जेवून सुस्तावले सगळे. त्यांचा मुकादम म्हणाला, पुढे खुणेची खुंटी काही दिसत नाही, इथेच पुरा. आईला बरंच झालं की, खाणावळीला पत्ता मिळाला.”

“हे तू आजवर बोलली नाहीस?” आत्याने विचारले.

“कुणी विचारलं? सायकलवाले म्हणतात, बारावा किलोमीटर फार दमवतो, संपतच नाही. मी म्हणते, चढ असेल.”

“चढ नाही तिथे,” भाचा म्हणाला. “चौदाशे मीटरचा किलोमीटर आहे तो.”

तो हसला, पण त्याचा हात पिशवीत गेला आणि तिथेच राहिला. आत्याने ते पाहिले. “काढ. काय आहे?”

तिच्याच जुन्या वहीच्या एका पानाची नक्कल होती. दगड बसवून झाल्यावर तिने केलेल्या पाहणीचे पान. प्रत्येक दगडापुढे डबीवरचा आकडा आणि त्यानंतर बरोबरची खूण. अकरापुढे नुसती खूण. आकड्याची जागा कोरी.

आत्याने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले.

“मी आले तेव्हा ते सगळे जेवत होते,” ती म्हणाली. “दगड समोर उभा. त्यावर माझाच आकडा. मुकादम म्हणाला, बाई बसा. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी बसले. आकडा वाचायचा राहिला, आणि जेवल्यावर मोजायचं नाही हा माझाच नियम. दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या टोकाकडून बाराव्यापर्यंत मोजत आले. अकरा झालेच आहेत, असं धरलं.”

“हे कुणाला कळायची गरज नाही,” भाचा हळूच म्हणाला. “मुकादमाने दगड चुकीच्या जागी पुरला. खरंच आहे ते. मी तेवढंच लिहितो.”

“आणि ही कोरी जागा? उद्या कुणीतरी हे पान उघडेल आणि विचारेल, बाकी सगळीकडे आकडा आहे, इथे का नाही? उत्तर मिळालं नाही तर तो बाकीच्या त्रेसष्ट वह्यांवरही शंका घेईल. घ्यायलाच हवी. मी असते तर घेतली असती.”

“साहेब हसतील.”

“हसू देत. हसता हसता वह्या ठेवतील.”

“आणि माझ्या खाणावळीचं काय?” खाणावळवाली म्हणाली. “दगड हलवलात तर मी काय सांगू लोकांना, साडेदहाच्या थोडं पुढे या?”

“दगड राहू दे तुझ्याकडे,” आत्या म्हणाली. “फाटकापाशी नवा बसवतील. याच्यावरचा आकडा तेवढा पुसावा लागेल.”

“मी पुसू देणार नाही.”

“मग तुझं आणि विभागाचं भांडण. माझं काम झालं.”

भाच्याने ताट बाजूला सारले आणि अहवाल लिहायला घेतला. आज घेतलेले आकडे, जुने आकडे, शेजारी शेजारी. खाणावळवालीचे म्हणणे त्याने ‘ऐकीव, दुजोरा नाही’ असे लिहून नोंदवले. त्यावर ती म्हणाली की भांडी तिने स्वतः घासली होती, ऐकली नव्हती. शेवटी त्याने लिहिले: अकराव्या दगडाची पाहणी बहुधा नजरचुकीने अपुरी राहिली.

आत्याने कागद ओढून घेतला, सगळा पहिल्यापासून वाचला आणि त्याच्या हातातले पेन मागितले. ‘बहुधा नजरचुकीने’ हे शब्द तिने एका सरळ रेघेने खोडले, खालचे वाचता येईल अशा बेताने, आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिले: ‘मोजणीदार जेवायला बसल्यामुळे’. खाली सही केली, हुद्दा घातला, तारीख घातली.

“आता ते बटाटे इकडे कर,” ती म्हणाली.