मुकी बाजू

तिला सगळे खिळेबाई म्हणत, कारण कामाला बसली की तिच्या तोंडात दहा-बारा बारीक खिळे असायचेच. जिभेने एकेक पुढे आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाला चिकटवायचा, ठोकायचा. मध्येच गिऱ्हाइकाने काही विचारलं तर मिटल्या ओठांनी ‘हूं’ किंवा ‘उंहूं’, बस. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातले बाक, सगळ्यांना नवं कापड चढवायचा तिचा धंदा. दुकान तिचं आणि सुतारकाकांचं. लाकूड त्यांच्याकडे, गाद्या हिच्याकडे.

गादीला खोळ घालायची एक रीत असते. फोम छातीशी घट्ट आवळायचा, दाबून निम्मा करायचा आणि तसाच खोळीत सरकवायचा. पण आवळायचं आणखी एक कारण होतं. शिवताना एखादी पिन, कधी अख्खं दाभणसुद्धा फोममध्ये राहून जातं. तिला काम शिकवणारी बाई सांगायची, “डोळ्यांवर जाऊ नकोस. छातीशी धर, छाती सांगते.” पंचवीस वर्षं छाती सांगत होती. टोचलं की ‘आई गं’ म्हणायचं, काढून टाकायचं, पुढे जायचं. आपल्या गादीवर बसून कुणाला कधी काही टोचलेलं नाही, याचा तिला चांगलाच तोरा होता.

मग डाव्या बाजूला गाठ निघाली. स्तन काढला, औषधं झाली, केस गेले, परत आले. रडली नाही. रडली ती दुकानात, पहिली गादी उचलल्यावर. फोम सपाट बाजूला घसरला, खोळ तिरकी बसली आणि वरून बरगडीतून अशी कळ गेली की तोंडातले खिळे फरशीवर सांडले. त्या दिवशी तिने ठरवलं, नवा स्तन करून घ्यायचा. गादी पूर्वीसारखी धरता आली पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

हे कुणाच्या गळीच उतरेना.

प्लास्टिक सर्जन तरणाबांड, हसतमुख. त्याने टेबलावर अल्बम ठेवला. पानोपान नुसत्या छात्या. मानेच्या वरचं सगळं कापलेलं, खाली नंबर. कापडाचे नमुने दाखवायचा तिचाही असाच जाडजूड गठ्ठा होता दुकानात. तिने अल्बम मिटला.

“साहेब,” डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाला, “आकाराबद्दल तुमची काही अपेक्षा?”

नवरा बिचारा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. कानापर्यंत लाल झाला. “नाही, म्हणजे… तिला जे बरं वाटेल…”

“ते बसणार आहेत का त्याच्यावर?” खिळेबाईने विचारलं. “मला सांगा. दाब चालेल का? रोज आवळायचंय.”

“दोन-तीन महिन्यांनी सगळं नॉर्मल. सुरुवातीला जरा बधिर वाटेल. मॅडम, दिसण्याची काळजीच करू नका.”

“दिसण्याचं मी विचारलंच नाही.”

तो हसला. हसत हसत फॉर्म पुढे सरकवला. तिने सही केली.

पुढचे महिने तिने दात आवळून काढले. कातडीखाली एक रिकामी पिशवी बसवली होती. दर आठवड्याला सुईने त्यात खारं पाणी भरायचं, म्हणजे कातडी हळूहळू ताणली जाते. ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस कुशीतून एक नळी निघून बाटलीत जायची. बाटलीत जमणारं ते पाणी आधी लालसर, मग पिवळट, आणि धरायला कोमट. मोजून ओतताना तिला उमासे यायचे. पण त्यापेक्षा उमासे माणसांचे.

नणंद भेटायला आली. मोठी नणंद, तेव्हा काही बोलायचीही चोरी.

“बघू तरी वहिनी. हात लावू का?” विचारलं तेव्हा हात लागलेलाच होता. “अगं बाई, काय टणक. माझ्याकडे बघा, सगळं उतरणीला लागलंय. तुमचं एक तरी कायम पंचविशीत राहणार.”

“दुसरंही करून घेते, वन्स. जुनं तुम्हाला पाठवून देईन.”

“काय बाई बोलणं तुमचं. लोक मायेनं येतात.”

नणंद गेल्यावर खिळेबाईने न्हाणीघरात जाऊन ती जागा साबणाने दोनदा धुतली. हात फिरत होता ते आरशात दिसत होतं. कातडीला मात्र त्याचा गंधही नव्हता. कातडी चकचकीत, मोठ्या फोमवर कोती खोळ ओढून बसवली की दिसते तशी. असं काम दुकानात कुणी केलं असतं तर तिने उसवायला लावलं असतं.

शेवटी पाण्याची पिशवी काढून आत कायमचा सिलिकॉनचा गोळा बसवला. तीन महिने गेले. डॉक्टरने बघून मान डोलावली, ती दुकानात आली.

पहिलंच काम, आरामखुर्चीची गादी. सायीच्या रंगाचं कापड, डाग लागला की संपलं असलं. खिळेबाईने फोम छातीशी आवळला. घसरला नाही. दोन्ही बाजूंनी सारखा दबला, खोळ सरळ वर चढली, कोपरे कोपऱ्यांत बसले.

“बसली, काका,” ती म्हणाली. वर्षभरात तिचा आवाज एवढा मोकळा निघाला नव्हता.

सुतारकाकांनी रंधा बाजूला ठेवून पाहिलं. “झकास. पण बाई, कापडाला हे काय लागलंय?”

मसुरीएवढा लाल ठिपका. त्यांच्या देखत तो बोटभर झाला.

तिने गादी लांब केली तेव्हा दिसलं. तिने स्वतःच फोममध्ये खोचून ठेवलेलं दाभण. विसरली होती. त्याचं टोक खोळीतून बाहेर आलेलं, रक्ताने माखलेलं, आणि सदऱ्याच्या डाव्या बाजूला तेवढंच भोक. अर्ध्या बोटाएवढं आत गेलं असेल. आणि छाती चकार शब्द बोलली नव्हती.

“दुखतंय का?” काका घाबरून विचारत होते.

“नाही,” ती म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या बादलीत ओकली.

चौथ्या दिवशी ताप. सहाव्या दिवशी भोकातून पू, त्याचा वास ओल्या, कुजक्या काथ्यासारखा. डॉक्टरचं हसू त्या दिवशी कुठेतरी गेलं होतं.

“असलं काम कोण करतं हो, मॅडम?”

“मी करते. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.”

“आता हे काढावं लागेल. सहा महिन्यांनी नवीन बसवू. तोवर दुकान बंद, आणि नंतरही जपून.” त्याने कॅमेरा उचलला. “एक फोटो घेतो, रेकॉर्डसाठी.”

“मग चेहऱ्यासकट घ्या.”

त्याने कॅमेरा खाली ठेवला.

“काढा,” ती म्हणाली. “परत बसवायचं नाही.”

“घाईत ठरवू नका. साहेब, तुम्ही समजवा.”

नवऱ्याने तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि या साऱ्या प्रकरणात पहिल्यांदा कामाचं बोलला. “काढल्यावर दुकानात कधी जाता येईल, ते सांगा.”

टाके सुकल्यावर तिने जाड कॅनव्हासचा एप्रन शिवला. डाव्या बाजूला घट्ट फोमचा उंचवटा, चार वेळा उसवून, गादी धरून धरून मापात आणलेला. संध्याकाळी एप्रन खिळ्याला टांगून घरी जायचं. तपासायला उजवी बाजू तेवढी उरली, म्हणून प्रत्येक गादी दोनदा धरायची, एकदा अशी, एकदा उलटी. वेळ दुप्पट लागतो. लागू दे.

नणंद एकदा दुकानात आली, खिळ्यावरचा एप्रन चाचपला आणि हात मागे घेतला. “शी वहिनी, हे असं चारचौघांत टांगून ठेवायचं? त्यापेक्षा ते होतं ते काय वाईट होतं?”

खिळेबाईच्या तोंडात खिळे होते. “उंहूं,” ती म्हणाली.

तिने एप्रन खिळ्यावरून काढून अंगात चढवला, फोम एकदा सरळ, मग उलटा करून उजवीकडे आवळला. मग थांबली, तोंडातले सगळे खिळे तळहातावर काढले.

“आई गं,” ती म्हणाली, आणि फोममध्ये बोट घालून पिन शोधायला लागली.