किडेवाल्यांचं घर

चार नातेवाईक जमले की प्रत्येक घरात जुन्या गोष्टी निघतात. कुणाचे आजोबा वाघासमोर उभे राहिलेले असतात, कुणाचे काका जेलात जाऊन आलेले असतात. आमच्याकडे किडे निघतात! मी आणि माझा धाकटा भाऊ मधू भेटलो की पहिल्या चहालाच सुरुवात होते. एक किस्सा संपत नाही तोच दुसरा त्याचं शेपूट धरून येतो. ऐकणारे हसतात. आम्हीही हसतो. मधूची बायको मात्र एकदा म्हणाली, "तुम्ही दोघं हसता ना, तेव्हा भांडल्यासारखे दिसता."

खोटं नाही ते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. आम्ही आरमोरीला राहायचो. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच. घरात बाबा, आई, मी, मधू आणि बाबांची थोरली बहीण वेणूआत्या. ती लहानपणीच विधवा होऊन भावाकडे परत आलेली. किड्यांचा नाद या दोघा बहीणभावांचा, अगदी पोरवयापासूनचा. आत्या पाळायची, बाबा फोटो काढायचे. गावात कोशाचे किडे पाळणारे इतरही होते, पण ते रेशमासाठी पाळायचे. आम्ही बघायला पाळायचो! मागच्या खोलीत मडक्यांमध्ये येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, फांद्या उभ्या, त्यांच्यावर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या. बरण्यांत भुंगे. जाळीच्या डब्यात नाकतोडे.

आणि बाबांची नोकरी कुठली? मलेरिया खात्यात! डीडीटी फवारणाऱ्या टोळीचे ते प्रमुख. दिवसभर गावोगाव किडे मारायचे आणि संध्याकाळी घरी येऊन किडे जगवायचे.

*

वैनगंगेकाठच्या एका गावात एक म्हातारी दार अडवून उभी राहिली. भिंती खराब होतात, वास येतो, फवारू देणार नाही म्हणाली. बाबांनी तिला ओट्यावर बसवून मोठं लेक्चर दिलं. डास म्हणजे काय, ताप कसा येतो, औषध किती गुणाचं.

म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं चांगलं हाय, त तुमच्या घरी मारलंच असन ना जी?"

टोळीतली माणसं तोंड फिरवून हसली. रात्री जेवताना बाबांनी हा किस्सा स्वतःच सांगितला, ठसका लागेपर्यंत हसत. आई वाढता वाढता थांबली. "मंग? काय सांगितलं तुम्ही तिले?"

"सांगितलं, मारलं म्हणून!"

*

बाबांचा कॅमेरा साधा डब्याचा. त्याच्यापुढे एक भिंग बांधून ते किड्यांचे फोटो काढायचे. रोल धुवायला नागपूरला जायचा, त्यामुळे एकेक फोटो जपून. त्या सगळ्या वर्षांत घरातल्या माणसांचा एकही फोटो निघाला नाही.

शेवटी एका दिवाळीला आई हट्टालाच पेटली. सगळ्यांचा मिळून एक फोटो पाहिजे. तिने लग्नातलं लुगडं काढलं, मधूचे केस तेल लावून चापून बसवले, मला गजरा माळला. आत्या आधी येईना, मग आली आणि कडेला उभी राहिली. आम्ही तुळशीपुढे श्वास रोखून उभे. बाबांनी कॅमेऱ्यात डोळा घातला, मग हळूच वर पाहिलं, मग भिंग काढलं खिशातून.

तुळशीवर चतुर बसला होता.

रोल तिथेच संपला. आई लुगड्याची घडी घालताना म्हणाली, "पुढच्या जन्मी किडा होऊन येतो मी. तवा काढा माहा फोटो."

*

मला बघायला वरोऱ्याहून पाहुणे आले तो किस्सा मी सांगायचा नाही, मधूने सांगायचा, असा आमचा नियम आहे. आज मधू इथे नाही, म्हणून मीच सांगते.

मुलगा कारकून होता. काळी टोपी, नवा कोट. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तेव्हा सगळं ठीक चाललं होतं. मुलाची आई माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. तेवढ्यात मागच्या खोलीतून सुटलेला, पुढचे पाय जोडून बसणारा एक हिरवा किडा उडत आला आणि बरोबर मुलाच्या टोपीवर बसला.

"हलू नका!" बाबा ओरडले.

मुलाला वाटलं, आपला फोटो काढतायत. त्याने छाती पुढे काढली, हनुवटी वर केली. बाबा भिंग लावून त्याच्या कपाळाशी भिडले. त्याची आई कौतुकाने बघत होती. मग तिला टोपीवर काय बसलंय ते दिसलं.

पोहे कुणी खाल्ले नाहीत.

पुढे निरोप आला. मुलगी पसंत नाही, पण मुलाचा फोटो चांगला आला असेल तर पाठवावा! बाबांनी पाठवला. किडा इतका स्पष्ट, की त्याच्या पायांवरचे काटे दिसत होते. खाली टोपीचा काठ आणि अर्धी भुवई.

काही वर्षांनी मला सावली गावच्या एका बिजवराला दिलं. त्याच्या टोपीवर कधी काही बसलं नाही.

*

नागपूरचे एक मोठे साहेब शिकारीला म्हणून आमच्या भागात आले होते. कुणीतरी त्यांना आमच्या घरी आणलं. कोशातून पतंग बाहेर येतानाचे फोटो बघून ते थक्क झाले. ते फोटो मिळवायला आत्या पहाटेपासून कोशापुढे बसून राहायची आणि कोसा ओला दिसला, म्हणजे पतंग निघायला आला, की बाबांना हाक मारायची. साहेब म्हणाले, "हे लोकांना दाखवलं पाहिजे," आणि सगळे फोटो घेऊन गेले.

पुढल्या वर्षी एक गुळगुळीत इंग्रजी मासिक टपालाने आलं. पानभर आमचे फोटो! बाबा ते घेऊन घरभर फिरले. मधूला दाखवलं, मला दाखवलं, आत्याच्या मांडीवर उघडून ठेवलं. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षरं ओळखता यायची.

"नाव कोणाचं हाय खाली?" तिने विचारलं.

बाबांनी चष्मा पुसला. "साहेबाचं."

"अन् तुमचं?"

बाबांनी पान डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाले, "पतंगाचं नाव मात्र बरोबर छापलं हाय."

*

बाबांनी मेलेले किडे टाचण्यांनी टोचून काचेच्या पेट्यांत लावून ठेवले होते. बाबांच्या पोरवयापासूनचा तो साठा. एका पावसाळ्यात पेट्यांत मोहरीएवढे बारीक किडे शिरले आणि सगळं खाऊन गेले. पेट्या उघडल्या तेव्हा नुसत्या टाचण्या उभ्या, खाली भुकटी.

बाबा दिवसभर जेवले नाहीत. आई दारातून म्हणाली, "सुतक पाळून राह्यले का आता?"

संध्याकाळी बाबा उठले, भुकटीतून ते बारीक किडे वेचले आणि बरणीत घातले. "हे आपल्यापाशी नव्हते!"

*

टोळी आरमोरीत फवारायला आली तेव्हा बाबांना आमचं घर टाळता येईना. गाव बघत होतं. पंपवाला आत आला तशी आत्या मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवी बसली.

"आधी माह्या अंगावर मार. मंग आत जाय."

"बाई, ऊठ," बाबा म्हणाले. "नोकरी हाय माही."

"बापू, या घरात माह्यं काय हाय सांग? कपाळ पांढरं, मांडी रिकामी. एवढ्या अळ्या हायेत. त्याबी मारतोस का?"

बाबांनी पंपवाल्याला हाताने खूण केली, पुढच्या घरी चल. सगळ्या गावात आमचं तेवढं घर फवारायचं राहिलं.

भादव्यात मला ताप भरला, पाठोपाठ आत्याला. मी कडू गोळ्यांनी उठले. आत्याचा ताप डोक्यात गेला. बैलगाडीतून ब्रह्मपुरीच्या रस्त्याला लागलो आणि ती वाटेतच गेली.

तिला पोचवून आल्यावर बाबांनी स्वतः पंप भरला आणि घर फवारलं. देवघर, स्वयंपाकघर, सगळं. मागच्या खोलीत सर्वांत शेवटी गेले. दुसऱ्या दिवशी आईने केरसुणीने अळ्या गोळा केल्या, सूप भरलं. जन्मभर त्या अळ्यांना शिव्या देणारी माझी आई ते सूप हातात घेऊन अंगणात उभीच राहिली. "कुठी टाकू जी?" तिने बाबांना विचारलं. "तिच्यासंगंच जाळाले पाहिजे होते."



*

आत्याच्या तेराव्याला घर भरलेलं होतं. दिवेलागण झाली आणि उघड्या दारातून कोशाचा एक पतंग आत आला. तळहाताहून मोठा, पंखांवर काचेसारखे गोल. दोन घिरट्या घालून तो आत्याच्या पाटावरच्या दिव्यामागे, भिंतीवर पंख पसरून बसला.

"आली वो माय!" चुलत काकू ओरडल्या. "वेणूच आली!"

बायकांनी हात जोडले. कुणी रडू लागलं. एकीने लगबगीने हळदकुंकवाची वाटी आणली, मग आत्या विधवा होती हे आठवून तशीच परत नेली. मधू माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं.

बाबा उठले. लोकांनी त्यांना वाट करून दिली. ते भिंतीशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि पतंगाच्या इतके जवळ वाकले, की आता ते नमस्कार करणार असं सगळ्यांना वाटलं. दिव्याची वात तडतडली तेवढाच आवाज. मग ते वळले.

"नाई," ते म्हणाले. "हा नर हाय. मिशा पाहा, कंगव्यावानी हायेत. मादीच्या बारीक राहतेत."

आईने पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, असं मधू म्हणतो. मी तिच्या शेजारीच बसले होते. मला अजून माहीत नाही.