आम्ही केपेबल झालो त्याची गोष्ट

इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जाऊन इंग्रजी किती आलं ते विचारू नका, पण किस्से इतके साठलेत की बायको म्हणते, "फी किश्श्यांचीच भरली का?" उमरग्यात हायवेला, टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आमचा संध्याकाळचा क्लास. सरांचा नियम एकच: आठवड्याला एक शब्द, आणि वाक्य खरं पाहिजे. खोटं निघालं की बाद! त्या आठवड्याचा शब्द होता 'केपेबल'. म्हणजे अंगात धमक असलेला, काम निभावून नेणारा.

*

पहिला हात ट्रकवाल्या रशीदभाईंचा. "आय ॲम केपेबल ऑफ ड्रायव्हिंग टू हैदराबाद विदाउट स्टॉप!"

सगळा क्लास ओरडला, "खोटं हाय सर! ह्यांची गाडी दर धाब्याला थांबती."

रशीदभाईंनी जरा विचार केला. "आय ॲम केपेबल ऑफ स्टॉपिंग ॲट एव्हरी धाबा."

"करेक्ट! बसा," सर म्हणाले.

*

शिवाप्पा अण्णांचं कापडाचं दुकान. त्यांनी गिऱ्हाइकालाच सांगून टाकलं, "रंगाची काळजी करू नका, साडी केपेबल हाय."

दोन दिवसांनी बाई गुलाबी झालेला परकर घेऊन हजर!

अण्णा शांतपणे म्हणाले, "साडी केपेबलच हाय अक्का. तुमच्या गावचं पाणी लई केपेबल निघालं."

साडी मात्र त्यांनी बदलून दिली.

*

मी घरी जेवताना बायकोला म्हटलं, "यू आर व्हेरी केपेबल." अर्थही सांगितला.

तिनं भाकरी तव्यावरच ठेवली. "किती जणं येणार हायेत जेवायला?"

चौघं येणार होते.

*

वंदना आमच्यात सगळ्यात हुशार. पण 'आय ॲम केपेबल' चारचौघांत म्हणेल तर शपथ! "स्वतःच्या तोंडानं कसं म्हणायचं, सर?"

तिला एका दवाखान्यात रिसेप्शनच्या नोकरीसाठी बोलावलं. पहिलीच नोकरी, फार हवी होती तिला. सासूबाईंना मात्र हे बिलकूल पसंत नव्हतं. त्या मुद्दाम सोबत आल्या. त्या मोडता घालणार म्हणून धीर द्यायला रशीदभाई, अण्णा आणि मी असे तिघंही बाहेर बाकावर जाऊन बसलो.

दार उघडंच होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आर यू केपेबल?"

वंदनाची मान खाली.

सासूबाई उठल्या, पदर सावरला आणि थेट आत.

"डाक्टरसाहेब, तिला काय इचारता? ती लाजती. भाकरी थापताना रोज घोकती, म्या ऐकते न्हवं! शी इज केपेबल! पर सांजच्याला येळंवर घरी सोडा. हिच्याबिगर आमच्या घरात कुणीच केपेबल न्हाय!"