वरून लाल दिसणारं वावर

माझ्या साडूइतका स्वतः गोंधळलेला आणि तरीही दुसऱ्याला ठामपणे गोंधळात टाकणारा माणूस चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. नोकरी उपग्रहाच्या फोटोंवरून पिकाचा अंदाज काढण्याची. त्यामुळे वरून पाहिल्याशिवाय काहीच खरं नाही, अशी त्याची पक्की समजूत. चप्पल सापडेना की हा शोधायला गच्चीवर! धाकट्या मेव्हणीच्या लग्नात पाण्याच्या टाकीवर चढून त्याने जेवणाऱ्यांचा अंदाज सांगितला, "साडूभाऊ, भात रग्गड उरते." दुसऱ्याच पंगतीला भात संपला. अर्धं वऱ्हाड मांडवाच्या कापडाखाली बसलं होतं, ते याला दिसणार कसं? त्याच्या फोटोत हिरवं ते लाल दिसायचं. ते का, हे त्याने मला अनेकदा समजावलं आणि दर वेळी आधी समजलेलंही माझ्या डोक्यातून गेलं.

झाडाच्या बियांतून डिझेल काढायचं वारं सुटलं होतं, तेव्हाची गोष्ट. कोरपन्याकडे कमलाबाईंचं वावर खाणीच्या टाकाऊ मातीने नासलं होतं. खायचं काही पिकवायला मनाई. त्यात डिझेलच्या बियांचा मोगली एरंड लावायचा, फोटोत तो भरलेला दिसला तर वावर बाईंकडे राहणार, नाही तर जाणार, असं सरकारने ठरवलेलं. फोटो आला तो लालभडक! साडू मला ओढतच तिकडे घेऊन गेला. पाहतो तर काय, एरंड गुडघ्याएवढा आणि भोवती कमरेएवढा तरोटा माजलेला. फोटोतलं लाल सगळं त्या तणाचं.

"बाई, हा तं तरोटा आहे," साडू रडवेला झाला.

"मले मालूम हाये ना साहेब. पण फोटोत भरलं दिसलं ना? मंग तेच लिवा."

खोटं लिहायची त्याची छाती नव्हती आणि खरं लिहायला हात धजेना. शेवटी त्याने 'पुढील वर्षी पुन्हा पाहावे' असं लिहिलं आणि बाईंना हात जोडले, "बाई, मले असं फसवू नका. मी लवकर फसतो."

पुढच्या फोटोआधीच त्याची दूर बदली झाली. नव्या साहेबाने फोटो पाहिला, वावर पांढरंफटक. त्याने तिथे काहीच नाही असं लिहून टाकलं आणि वावर गेलं. मी बाईंकडे गेलो तेव्हा कळलं, त्यांनी वाकून वाकून सगळा तरोटा उपटून टाकला होता. एरंड उभा होता, पण इतका विरळ की वरून दिसेना.

"अहो बाई, काऊन उपटला?" मला राहवेना.

"साहेब फसते म्हणे ना," बाई म्हणाल्या. मग चहाची कपबशी पुढे सरकवत हळूच, "वावर गेलं ते त्याईले नका सांगू भाऊ. लय वाईट वाटन त्याईले."

साडूचा अजून फोन येतो. बायकोची, पोरांची चौकशी झाली की हमखास विचारतो, "कमलाबाईच्या वावरात तरोटा किती हो?"

"एकही नाही," मी सांगतो. तो खूश होतो.